डेस्कटॉप आज्ञावलीलेखन : प्रारंभिक अडचणींचा इतिहास

डेस्कटॉप आज्ञावलीलेखन : व्यक्तिगत संगणकाच्या पडद्यावर विंडोच्या, म्हणजे चौकटीच्या, रूपात उघडणाऱ्या आणि माउस व कळफलक यांच्या साहाय्याने वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमला डेस्कटॉप आज्ञावली म्हणतात. हिशेब, पत्रलेखन, दुकानातील मालसाठ्याची नोंद, चित्ररेखाटन इ. कामांसाठी अशा आज्ञावल्या वापरल्या जातात. त्या लिहू लागणाऱ्या नवशिक्यास येणाऱ्या अडचणी बव्हंशी ठराविक असतात : बटन दाबले तरी काही घडत नाही, काढलेले चित्र नाहीसे होते, काम लांबले की विंडो गोठते, स्वतःच्या संगणकावर चालणारी आज्ञावली दुसऱ्याच्या संगणकावर चालत नाही आणि काही वेळा देवनागरी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. या अडचणी नवशिक्याच्या अज्ञानापेक्षा या तंत्राच्या घडणीतूनच अधिक उद्‌भवतात. १९८५ नंतर निघालेल्या अनेक साधनांचा उद्देश त्या दूर करणे हाच होता. मात्र प्रत्येक साधनाने काही अडचणी सोडविल्या, तर काही केवळ दृष्टिआड केल्या. संगणकाचा व्यवसाय नसलेल्या माणसास आपल्या कामापुरती आज्ञावली स्वतः लिहिता यावी की नाही, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे.

नियंत्रणाचा उलटलेला क्रम : अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये बेसिक ही भाषा प्रचारात आणली. विज्ञानशाखेबाहेरील विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. या भाषेतील आज्ञावली पहिल्या ओळीपासून क्रमाने पुढे जाते. मधूनच ती प्रश्न विचारते, माणूस उत्तर टंकित करतो आणि ती पुढील ओळीकडे वळते. पुढे काय घडावे हे आज्ञावली ठरविते व माणूस तिच्या मागून जातो.

आलेखी पडद्यामुळे हा क्रम उलटला. डग्लस एंगलबर्ट (१९२५–२०१३) यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला व त्यावर ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी ‘स्मॉलटॉक’ ही भाषा विकसित केली. याच केंद्रात नॉर्वेचे ट्रिगव्हे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये माहिती, तिचे पडद्यावरील दर्शन व वापरणाऱ्याच्या कृतींचे नियंत्रण ही तीन अंगे वेगळी ठेवण्याची रचना मांडली. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश (१९८४) व मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली (१९८५) यांमुळे अशा प्रकारचा पडदा सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला.

अशा पडद्यासमोर बसलेला माणूस कोणत्याही क्षणी कोणतेही बटन दाबू शकतो. परिणामी वाट पाहण्याचे काम आज्ञावलीकडे येते. माउसची प्रत्येक हालचाल व कळीचा प्रत्येक दाब यांस ‘घटना’ म्हणतात. विंडोजसारख्या प्रणालीत घटनांचे संदेश रांगेत ठेवले जातात. आज्ञावलीतील एक फेरा त्या रांगेतून एकेक संदेश उचलतो व त्यासाठी नेमलेल्या उपक्रमाकडे सोपवितो. उपक्रम संपला की नियंत्रण पुन्हा फेऱ्याकडे येते. आज्ञावली लिहिणाऱ्याने लिहिलेला मजकूर अशा रीतीने त्याच्या आज्ञेने नव्हे, तर प्रणालीच्या बोलावण्यावरून चालतो.

नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. पायथन भाषेतील ‘टीकेइंटर’ या साधनसंचात बटनास उपक्रम जोडताना त्याचे केवळ नाव द्यावयाचे असते. नवशिका सवयीने नावापुढे कंस लिहितो. त्यामुळे उपक्रम बटन तयार होतानाच एकदा चालून जातो आणि पुढे बटन दाबले तरी सहसा काहीच घडत नाही. कंस गाळला की दोष दूर होतो. उपक्रम आपण स्वतः चालवावयाचा नसून नंतर चालविण्यासाठी प्रणालीच्या हवाली करावयाचा आहे, हे मात्र त्यातून समजावे लागते.

चित्र नाहीसे होण्याची अडचण : सी भाषेवरील ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांच्या १९७८ मधील पुस्तकात पडद्यावर अभिवादनाचे दोन शब्द छापण्याची आज्ञावली अवघ्या काही ओळींची आहे. चार्ल्स पेट्झोल्ड यांचे विंडोजवरील आज्ञावलीलेखनाचे पाठ्यपुस्तक १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीने विंडोमध्ये असेच अभिवादन दाखविण्यास सत्तर-ऐंशी ओळी लागत. विंडोचा प्रकार नोंदविणे, विंडो निर्माण करणे, संदेशांचा फेरा चालविणे व प्रत्येक संदेशाची वासलात लावणे ही सर्व कामे आज्ञावली लिहिणाऱ्याकडे होती. आपण न हाताळलेले संदेश प्रणालीकडे परत पाठविण्यास तो विसरला, तर विंडो नीट निर्माणही होत नसे.

याच काळातील दुसरी अडचण म्हणजे चित्र पुसले जाणे. एका विंडोवर दुसरी विंडो आली की झाकलेल्या भागातील चित्र जपून ठेवण्याची जबाबदारी विंडोज घेत नसे, कारण तेवढी स्मृती त्या काळच्या संगणकांत नव्हती. तो भाग पुन्हा उघडा पडल्यावर प्रणाली ‘रंगवा’ असा संदेश पाठवी. बटन दाबताच रेषा काढून मोकळ्या होणाऱ्या आज्ञावलीतील रेषा त्यामुळे नाहीशी होई. काय काढले आहे याची नोंद ठेवणे व मागणी होताच ते नव्याने काढणे, हा त्यावरील उपाय होय.

दृश्य साधने : ही कष्टाची कामे साधनांनीच करावीत, या विचाराने १९८७ नंतर वेगळी साधने पुढे आली. बिल ॲटकिन्सन (१९५१–२०२५) यांचे ‘हायपरकार्ड’ १९८७ पासून नव्या मॅकिंटॉशबरोबर विनामूल्य मिळू लागले. त्यात पडद्यावरील पत्त्यावर बटन ठेवून त्याच्या पोटी साध्या इंग्रजीशी जुळणाऱ्या भाषेत सूचना लिहिता येत. नेक्स्ट कंपनीच्या संगणकासाठी झां-मारी हुलो यांनी तयार केलेल्या ‘इंटरफेस बिल्डर’मध्ये (१९८८) विंडोची मांडणी माउसने करता येई. अमेरिकन तंत्रज्ञ ॲलन कूपर यांनी तयार केलेले मांडणीचे साधन मायक्रोसॉफ्टने १९८८ मध्ये विकत घेतले व त्यास बेसिक भाषेची जोड देऊन मे १९९१ मध्ये ‘व्हिज्युअल बेसिक’ हे साधन जाहीर केले. बोरलँड कंपनीचे ‘डेल्फाय’ (१९९५) हे याच वळणाचे, पण पास्कल भाषेवर आधारलेले साधन होय.

व्हिज्युअल बेसिकमध्ये कोऱ्या फॉर्मवर बटन ओढून आणावयाचे, त्यावर दोनदा टिचकी मारावयाची व उघडलेल्या जागेत काही ओळी लिहावयाच्या, एवढेच काम उरले. संदेशांचा फेरा लिहावा लागत नसे; तो दिसतही नसे. हिशेबनीस, शिक्षक, प्रयोगशाळेतील साहाय्यक अशा लोकांना त्यामुळे स्वतःच्या गरजेची आज्ञावली तयार करणे शक्य झाले.

दृष्टिआड झालेला फेरा मात्र नाहीसा झाला नव्हता. फॉर्म स्मृतीत येतानाच्या उपक्रमात मजकूर छापण्याची सूचना लिहिली, तर नवशिक्यास फॉर्म कोराच दिसे. कारण छपाई झाली तेव्हा फॉर्म पडद्यावर आलेलाच नसे. चित्र जपून ठेवण्यासाठी ‘ऑटोरिड्रॉ’ हा गुणधर्म होता, पण तो मुळात बंद असे. सत्तर-ऐंशी ओळी स्वतः लिहिणाऱ्यास ‘रंगवा’ हा संदेश ठाऊक होता. व्हिज्युअल बेसिकपासून आरंभ करणाऱ्यास त्याचे अस्तित्वच माहीत नसे. साधनाने त्याचे श्रम वाचविले, परंतु दोषाचे कारण शोधण्याची वाटही त्याच्यापासून दूर नेली.

गोठलेली विंडो : एखादा उपक्रम दीर्घ काळ चालला, तर फेरा तोपर्यंत थांबून राहतो. रांगेतील संदेश उचलले जात नाहीत, विंडो पुन्हा रंगविली जात नाही व बटने निर्जीव होतात. विंडोजच्या ३.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत आज्ञावल्यांनी आपण होऊन एकमेकींस वाट देणे अपेक्षित होते. त्यामुळे एका आज्ञावलीचा लांबलेला उपक्रम सर्वांनाच अडवून धरी. विंडोज ९५ मध्ये नव्या, ३२-बिट आज्ञावल्यांना प्रणाली स्वतःच आळीपाळीने वेळ देऊ लागली. गोठणे त्यामुळे प्रायः दोषी आज्ञावलीच्या स्वतःच्या विंडोपुरते मर्यादित झाले.

व्हिज्युअल बेसिकमधील ‘डूइव्हेंट्स’ ही सूचना लांबलेल्या कामाच्या मध्येच रांगेतील संदेशांचा निपटारा करी. तिच्यामुळे विंडो जिवंत राहिली, पण वापरणाऱ्याने तेच बटन पुन्हा दाबले तर अपूर्ण कामाच्या पोटात तेच काम दुसऱ्यांदा सुरू होई व नोंदी दुहेरी होत किंवा बिघडत. कामाच्या आरंभी बटन अक्षम करणे व शेवटी पुन्हा सक्षम करणे हा त्यावरील साधा उपाय होता.

अधिक मूलगामी उपाय म्हणजे लांबणारे काम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या सूत्रात, करणे. तथापि दोन थ्रेड एकाच विंडोत एकाच वेळी फेरफार करू लागले की दर्शन बिघडते किंवा दोघेही एकमेकांसाठी अडून राहतात. म्हणून जावा भाषेच्या ‘स्विंग’ साधनसंचात (१९९८) विंडोतील फेरफार प्रायः एकाच ठराविक थ्रेडमधून करावेत, असा नियम स्वीकारण्यात आला. विंडो प्रथम उभारताना तो पाळला नाही तरी चालेल, असे आरंभीचे मार्गदर्शन होते. पुढे ते बदलून उभारणीही त्याच थ्रेडमध्ये करण्यास सांगण्यात आले. नियम घडविणाऱ्या तज्ञांनाही तो टप्प्याटप्प्यानेच उमगला, हे यावरून दिसते. सी शार्प भाषेत २०१२ मध्ये ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द आले. त्यांमुळे प्रतीक्षेच्या काळात नियंत्रण फेऱ्याकडे परत देऊनही आज्ञावली सरळ क्रमाने लिहिता येते. तरीही प्रतीक्षेच्या काळात तेच बटन पुन्हा दाबले जाऊ शकते. ते तात्पुरते अक्षम करण्याचा व्हिज्युअल बेसिकच्या काळातील उपाय येथेही उपयोगी पडतो.

दुसऱ्याच्या संगणकावर : व्हिज्युअल बेसिकच्या पहिल्या तीन आवृत्त्यांत तयार केलेली आज्ञावली चालण्यास एक साहाय्यक फाइल लागे व ती आवृत्तीगणिक वेगळी असे. लेखकाच्या संगणकावर ती असल्याने उणीव त्याच्या ध्यानात येत नसे. विकत घेतलेले तयार घटक वापरले असल्यास त्यांच्याही फाइली सोबत द्याव्या लागत. एका आज्ञावलीने अशा सामाईक फाइलीची वेगळी आवृत्ती बसविली की दुसरी आज्ञावली बंद पडे. एकाच संगणकावर अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’ रचनेत २००२ पासून आली. परंतु त्यासाठी ती रचनाच ग्राहकाच्या संगणकावर असणे आवश्यक ठरले. आवश्यक ते सर्व एकाच फाइलीत बांधून देण्याची सोय २०१९ मध्ये झाली.

देवनागरीचा प्रश्न : मराठी आज्ञावलीलेखकांना याखेरीज लिपीची अडचण सोसावी लागली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी साधने निर्माण केली, आणि ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. व्यवहारात मात्र रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसविलेले फाँट सर्रास वापरले गेले. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. अकारविल्हे व शोध ही कामेही नीट होत नसत.

विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय युनिकोडद्वारे झाली. जुन्या, आठ-बिटी सांकेतिक तक्त्यांत तिला स्थान नव्हते. व्हिज्युअल बेसिकच्या सहाव्या आवृत्तीत (१९९८) मजकूर अंतर्यामी युनिकोडमध्ये राही; परंतु तिच्या ठराविक मजकूर-चौकटी तो दाखविताना जुन्या तक्त्यात रूपांतरित करीत. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत ती यामुळे. युनिकोडवर आधारलेल्या साधनांत हा दोष उरला नाही, पण अक्षरगणनेचा प्रश्न राहिला. ‘मराठी’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने तीन अक्षरी असला, तरी त्यात युनिकोडचे पाच संकेत असतात, तर ‘क्षि’ या एका अक्षरात चार असतात. मजकूर संकेतांच्या संख्येवरून तोडल्यास अक्षराची मात्रा किंवा वेलांटी तुटते.

खंडित परंपरा : व्हिज्युअल बेसिक या नावाची डॉट नेट आवृत्ती २००२ मध्ये आली. ती जुन्या भाषेशी इतकी विसंगत होती, की पूर्वीच्या पुष्कळ आज्ञावल्या मोठ्या प्रमाणावर फिरून लिहाव्या लागल्या. सहावी आवृत्ती चालू ठेवावी, अशी मागणी २००५ मध्ये अनुभवी आज्ञावलीलेखकांनी निवेदनाद्वारे केली. तथापि तिच्या लेखनसाधनाचा पाठिंबा २००८ मध्ये पूर्णपणे संपला. डॉट नेट आवृत्तीच्या भाषेतही यापुढे नवी भर घालण्याचा विचार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केले. जुन्या आज्ञावल्या चालविणारा भाग मात्र विंडोजबरोबर दिला जात राहिला. त्यामुळे अनेक आज्ञावल्या चालत राहिल्या, पण त्या दुरुस्त करण्याच्या साधनास पाठिंबा उरला नाही. व्यवसायाने संगणकतज्ञ नसलेल्या लेखकांची यात विशेष हानी झाली, कारण नवी भाषा शिकून सर्व काम पुन्हा करण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता.

ही परंपरा अन्य रूपांनी टिकून आहे. ‘एक्सेल’ या कोष्टकपत्रकात १९९३ मध्ये आलेली बेसिक भाषा हिशेबाच्या कामांत अद्याप वापरली जाते. डेल्फायच्या धर्तीवरील ‘लाझारस’ हे मुक्त साधन २०१२ मध्ये १.० या आवृत्तीस पोहोचले. टीकेइंटर पायथनच्या नेहमीच्या संचात समाविष्ट असल्याने अनेक विद्यार्थ्यांची पहिली विंडो त्यात तयार होते. काही सेकंद थांबण्याची सूचना बटनाच्या उपक्रमात लिहिली की ती विंडो गोठते. ठराविक काळानंतर उपक्रम बोलावण्याची विनंती फेऱ्याकडे केल्यास गोठत नाही. उपक्रमात उघडलेल्या चित्राचा संदर्भ जपून ठेवला नाही, तर पायथन ते टाकून देते व विंडोत कोरी जागा राहते. पुसल्या जाणाऱ्या रेषेहून याचे कारण निराळे आहे. परंतु जे दाखवावयाचे ते आज्ञावलीने स्वतः सांभाळून ठेवले पाहिजे, हा उपाय दोन्ही ठिकाणी समान आहे.