उद्याची हवा किती खराब असेल, हे आजच कसं कळतं? हवामान आणि प्रदूषणाचं एकत्र मॉडेल म्हणजे काय?

दिल्लीत दर हिवाळ्यात एक बातमी हमखास येते : 'येत्या तीन दिवसांत हवा गंभीर श्रेणीत जाण्याची शक्यता'. त्यावरून बांधकामं थांबतात, जुन्या गाड्यांवर निर्बंध येतात, लहान मुलांचे वर्ग ऑनलाइन होतात. पण हवा खराब होण्याआधीच हे कळतं कसं? याचं उत्तर दडलंय एका कॉम्प्युटर मॉडेलमध्ये, आणि त्याचा पत्ता आहे पुण्यातल्या पाषाणचा.

गाड्या तेवढ्याच, मग हवा वेगळी का?

एखाद्या शहरात सोमवारी आणि मंगळवारी धूर साधारण तेवढाच निघतो. तरीही हवेचा निर्देशांक म्हणजे एक्यूआय एका दिवसात दुप्पट होऊ शकतो. फरक पडतो तो हवामानामुळे.

जमिनीलगतचा धूर वर जिथपर्यंत मिसळू शकतो, त्या उंचीला 'मिश्रण उंची' म्हणतात. उन्हाळ्यातल्या दुपारी ती दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाते. हिवाळ्यातल्या रात्री ती काहीशे मीटर किंवा त्याहून कमी होते. म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. धूर तेवढाच, पण तो मावण्याची जागा फारच कमी.

मिश्रण उंचीला वाऱ्याच्या वेगाने गुणलं की 'व्हेंटिलेशन इंडेक्स' मिळतो. दिल्लीच्या अंदाजात हा आकडा ६,००० चौरस मीटर प्रति सेकंदापेक्षा कमी आणि वारा ताशी १० किलोमीटरपेक्षा मंद असेल, तर प्रदूषण पांगायला परिस्थिती प्रतिकूल मानली जाते.

मॉडेल नेमकं काय करतं?

मॉडेल एखाद्या प्रदेशावरच्या हवेचे हजारो छोटे चौकोनी डबे करतं. प्रत्येक डब्यात तापमान, वारा, आर्द्रता आणि प्रदूषकं किती आहेत हे मांडलं जातं. मग पुढच्या क्षणी काय बदलेल याचं गणित सुरू होतं. १० किलोमीटरचे डबे असतील तर मॉडेल साधारण एकेका मिनिटाच्या टप्प्याने पुढे सरकतं.

डब्यांची रुंदी निम्मी केली तर डब्यांची संख्या चौपट होते आणि वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. म्हणजे काम जवळपास आठपट. म्हणूनच यासाठी महासंगणक लागतो.

'एकत्र' मॉडेल का हवं?

जुन्या पद्धतीत आधी हवामानाचा अंदाज काढायचे आणि तो प्रदूषणाच्या वेगळ्या मॉडेलला द्यायचे. यात माहिती एकाच दिशेने जाते. हवामानाचा प्रदूषणावर होणारा परिणाम दिसतो, पण उलटा परिणाम दिसत नाही.

प्रत्यक्षात तो होतो. दाट धुरक्यामुळे ऊन जमिनीपर्यंत कमी पोहोचतं. जमीन कमी तापते, हवा वर उठत नाही आणि मिश्रण उंची आणखी घटते. त्यामुळे प्रदूषण अजून साचतं, ऊन अजून कमी होतं. हे दुष्टचक्र पकडायचं तर दोन्ही गणितं एकाच वेळी चालायला हवीत.

'डब्ल्यूआरएफ-केम' हे असं मॉडेल आहे. अमेरिकेतल्या नोआ आणि इतर संशोधन संस्थांनी ते विकसित केलं. २००५ मध्ये त्याबद्दलचा मुख्य शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाहनांच्या धुरातले वायू उन्हात मिसळून ओझोन कसा तयार होतो, वायूंपासून सूक्ष्म कण कसे बनतात, हेही त्यात मोजलं जातं.

पुण्याचा संबंध काय?

पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने म्हणजे आयआयटीएमने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी 'सफर' ही यंत्रणा उभारली. ती २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीसाठी पूर्वसूचना प्रणाली सुरू झाली. तिच्या मुळाशी डब्ल्यूआरएफ-केम आहे. उत्तर भारतासाठी १० किलोमीटर आणि दिल्लीसाठी ४०० मीटर इतक्या बारकाईने ती अंदाज देते. हवेतल्या कणांची आणि शेतातल्या आगींची उपग्रहांनी टिपलेली माहिती त्यात रोज घातली जाते.

हे अंदाज आता फक्त माहितीपुरते राहिलेले नाहीत. दिल्लीच्या 'ग्रॅप' या कृती आराखड्यात २०२२ मध्ये बदल झाला. हवा बिघडण्याची वाट न पाहता, अंदाजावरून आधीच निर्बंध लावण्याची तरतूद त्यात आली.

अंदाज कुठे चुकतो?

मॉडेलला कुठून किती धूर निघतो याची यादी द्यावी लागते. ही यादी तयार करायला वेळ लागतो आणि तोवर शहर बदलतं. नवे रस्ते, नवी बांधकामं, बंद पडलेले कारखाने त्यात लगेच येत नाहीत.

उद्या किती शेतकरी पराली जाळतील हेही मॉडेलला माहीत नसतं. आजच्या आगींवरून ते उद्याचा अंदाज बांधतं. त्यातही काही उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातात. त्यानंतर लागलेली किंवा ढगांखाली झाकलेली आग सुटू शकते. धुकं आणि अगदी मंद वारा यांचं गणितही अवघड असतं.

या चुकीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. अंदाज खरा ठरला नाही, तर बांधकाम मजुराची रोजी विनाकारण बुडते. इशारा आलाच नाही, तर दम्याचा रुग्ण आणि लहान मुलं विषारी हवेत बाहेर पडतात.

अंदाज कसा वाचायचा?

एक्यूआय २०१ ते ३०० म्हणजे खराब, ३०१ ते ४०० अतिशय खराब आणि ४०० च्या वर गंभीर. अंदाजातल्या नेमक्या आकड्यापेक्षा श्रेणी आणि कल पाहणं जास्त उपयोगाचं. उद्याच्या अंदाजावर जेवढा भरवसा ठेवता येतो, तेवढा पाचव्या दिवसाच्या अंदाजावर ठेवता येत नाही. श्रेणी बिघडत जाणार असं दिसलं, तर श्वसनाचा त्रास असलेल्यांनी सकाळचं फिरणं पुढे ढकललेलं बरं. कारण थंडीत पहाटे ते 'झाकण' सहसा सर्वांत खाली असतं.