तीन पेडलें आणि दोन पाय

डावीकडे क्लच, मध्यें ब्रेक आणि उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर ही मांडणी हातानें गिअर बदलावयाच्या मोटारींत आज इतकी रुळली आहे कीं, ती मोटारीबरोबरच जन्मास आली असावी असें वाटतें. वस्तुतः मोटारीच्या पहिल्या तीस वर्षांत ज्याचा जो कारखाना, त्याची ती रीत असे.

सर्वांत ठळक दाखला फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा. 1908 ते 1927 ह्या काळांत ह्या गाड्या दीड कोटीवर तयार झाल्या. त्यांतहि पेडलें तीनच, पण कामें अगदीं निराळीं! डावें पेडल पूर्ण दाबलें म्हणजे गाडी सावकाश पुढें निघे. अर्ध्यावर धरलें कीं एंजिन सुटें होई. पाय पुरता उचलला कीं वरचा गिअर लागे. मधलें पेडल दाबल्यास गाडी उलट चाले. ब्रेक उजव्या टोंकाला, आणि पेट्रोल कमीजास्त करण्याचें काम पायाकडे नव्हतेंच. त्याची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखालीं असे. ब्रेकचे पट्टे लवकर झिजूं नयेत म्हणून चाणाक्ष चालक उलट गतीच्या पेडलानेंहि गाडी आंवरीत. बिकट चढणीवर तर गाडी पाठमोरी चढवावी लागे. कारण पेट्रोल टांकींतून केवळ उतारानें वाहत येई, आणि सरळ चढतांना एंजिन वर जाऊन टांकी खालीं राही.

आजची मांडणी 1916 सालच्या कॅडिलॅक ‘टाइप 53’ मध्यें दिसते. 1922 मध्यें निघालेल्या ऑस्टिन सेव्हननें ती इंग्लंडांतील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांपर्यंत नेली. तरीहि त्याच दशकांतील बेंटली गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मध्यें आणि ब्रेक उजवीकडे असे. संकटसमयीं पाय विचारानें नव्हे, संवयीनें पडतो. समोर एखादें पोर आलें असतां ऑस्टिनवर शिकलेल्या माणसानें बेंटलीचें मधलें पेडल दाबलें, तर गाडी थांबण्याऐवजीं उसळावयाची!

1927 च्या अखेरीस फोर्डनें ‘मॉडेल ए’मध्यें नवी मांडणी स्वीकारली, आणि लक्षावधि अमेरिकनांना पायांची जुनी संवय मोडावी लागली. शिवाय एक नवी विद्या गळ्यांत पडली. खालचा गिअर घेतांना क्लच दाबून गिअरचा दांडा मोकळा करावयाचा, क्लच सोडून एंजिनाचा वेग वाढवावयाचा, आणि पुन्हा क्लच दाबून मग गिअर लावावयाचा. वेळ चुकली कीं दांत्यांचा खरखराट साऱ्या आळीला ऐकूं जाई. 1928 सालीं कॅडिलॅकनें आणलेल्या सिंक्रोमेशमुळें हें ओझें हलकें झालें. त्यांत दांते गुंतण्यापूर्वींच घर्षणानें वेग जुळतात. पहिल्या गिअरला मात्र पुष्कळ गाड्यांत कित्येक वर्षें ही सोय नव्हती, आणि तेथें जुनी विद्याच कामीं येई.