‘दोन हजार जमा झाले’
(तळटीप)

हा हप्ता पीएम-किसान योजनेचा: वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ने तितकीच भर घातली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या सभेतून केंद्राचा सोळावा आणि राज्याचा दुसरा व तिसरा हप्ता एकदम सुटला. पात्रता मात्र सातबाऱ्यावरून ठरते, तीही १ फेब्रुवारी २०१९ च्या नोंदीवर. नंतर नाव लागले असेल तर फक्त वारसाने आलेली जमीन चालते. मक्त्याने कपाशी पेरणाऱ्याच्या हाती, बियाणे, खत, फवारणी सगळा खर्च त्याचा असूनही, यातले काहीच येत नाही. हा अन्यायच आहे. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेत सांभाळणाऱ्या बाईलाही आधी फेरफार करून घ्यावा लागतो. जमीन हयात सासऱ्याच्या नावावर असेल, तर हप्ता सासऱ्याच्याच खात्यात जातो.