हातचा एक

माझे अब्बा गेवराईत एका आडत दुकानावर मुनीम होते. शाळा निजामाच्या काळातली, म्हणून त्यांच्या वहीत नावं मराठीत आणि आकडे उर्दूत. कापसाचं एखादं वजन चुकलं, की उभी-आडवी बेरीज पहिल्यापासून मांडावी लागे.

हीच कटकट अमेरिकेत डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याने हार्वर्डच्या वर्गात पाहिली. फळ्यावरचा एक आकडा बदलला, की पुढचे सगळे पुसावे लागत. त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साथीने १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ आणलं. एक रकाना बदला, बेरीज आपोआप बदलते.

मग ही वही उचलून नेता येणाऱ्या संगणकांवर आली. १९८१ चा ऑस्बोर्न-१ सुमारे अकरा किलोचा, पडदा पाच इंची. सोबत ‘सुपरकॅल्क’ मिळे. ओळीत ५२ अक्षरं मावत. पुढचे रकाने पाहायला पडदा सरकवावा लागे. १९८३ मध्ये कॉम्पॅकचा नऊ इंची पडद्याचा संगणक आणि ‘लोटस १-२-३’ बाजारात आले. ओझं थोडं जास्तच, पण ओळीत ८० अक्षरं, शिवाय आकड्यांचा आलेख. १९९१ मध्ये लोटस थेट खिशात आलं. एचपी ९५ एलएक्स ३१२ ग्रॅमचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं; ओळीत मात्र ४० अक्षरंच.

मला विचाराल तर पेढीवर कॉम्पॅक बरा, शिवारात एचपी. पण तिन्हींत एक उणीव होती. नवा आकडा टाकला, की जुना मागे खूणही न ठेवता जाई.

अब्बा खोडरबर वापरत नसत. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, शेजारी सही. १९८३ च्या दिवाळीत ऊसतोडीला निघालेली एक बाई कापसाचा हिशेब विचारायला आली. तिला वाचता येत नव्हतं. शेठ म्हणाले, ‘‘हिशेब बरोबर आहे.’’ अब्बांनी रेघेखालचा आकडा पुन्हा पडताळला. तोच खरा होता. दुरुस्ती करताना त्यांचा हातचा राहिला होता. बाईचे शंभर रुपये निघाले. घरी येताना अब्बा म्हणाले, ‘‘बेटा, मिटाया होता तो अपनी गलती अपने कोच नहीं दिखती थी.’’

आज ऊसतोडीला जाणारी पोरं उचलीचा हिशेब मोबाइलवर ठेवतात. मी त्यांना एवढंच सांगतो: आकडा बदला, पण जुना शेजारच्या रकान्यात राहू द्या.