प्रमाणपत्रावाचून अध्यापक

हायस्कुलात शिकवू इच्छिणाऱ्या तरुणास आज पहिला प्रश्न विचारण्यात येतो तो बी.एड्. पदवीचा, आणि तो रास्तच आहे. परंतु ही अट आपल्या प्रांतात आरंभापासून चालत आली आहे, असा पुष्कळांचा समज असतो. ज्या वडील मंडळींनी ह्या पदवीवाचून मुले शिकवून शहाणी केली, त्यांजकडे ह्या समजापायी उणेपणाने पाहिले जाते. म्हणून ह्या विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या शाळांचा पुरस्कार केला. पुण्यास ट्रेनिंग कॉलेज होते, ते प्राथमिक शाळांच्या पंतोजींसाठी. हायस्कुलांच्या शिक्षकांसाठी मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले ते १९०६ साली. तोवर विद्यापीठाची पदवी, विषयाचे ज्ञान व वर्गात उभे राहून मिळविलेला अनुभव, हीच अध्यापकाची पुंजी असे.

ह्या पुंजीचे सामर्थ्य जानेवारी १८८० मध्ये पुण्यास दिसून आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले. बाळ गंगाधर टिळक कायद्याची पदवी घेऊनही वकिलीकडे वळले नाहीत. ह्या उभयतांनी माधवराव नामजोशी ह्यांच्या साह्याने न्यू इंग्लिश स्कूल उघडले. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांस येऊन मिळाले. वेतन अल्प, परंतु तयारी कसून. १८८२ साली शिक्षण कमिशनचे अध्यक्ष हंटरसाहेब ह्यांनी ही शाळा पाहून तिची मुक्तकंठाने वाखाणणी केली. आपटे हे पुढे फर्ग्युसन कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल झाले, व त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या हाती आहे.

मात्र ह्यावरून प्रशिक्षण निरर्थक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्याच हंटर कमिशनने माध्यमिक शिक्षकांसाठी अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष पाठ ह्यांची परीक्षा असावी, अशी शिफारस केली. कारण उघड आहे: टिळक-आगरकर प्रत्येक शाळेस लाभत नाहीत, आणि विद्वान मनुष्य चांगला शिक्षक असतोच असे नाही. संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल ह्यांनी ही गोष्ट फ्रान्स देशात सतराव्या शतकातच ओळखून शिक्षकांच्या तयारीसाठी शाळा काढली होती. पोप बारावे पायस ह्यांनी १९५० साली त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, ते यथार्थच होय.

तेव्हा आमच्या तरुण वाचकांस आमचे सांगणे इतकेच की, पदवी अवश्य मिळवावी. तिच्यावाचून आज कायम नेमणूक दुर्लभ आहे. परंतु पदवी हाती आली म्हणजे अध्ययन संपले, असे मानू नये. आणि ज्यांनी केवळ ज्ञान व कळकळ ह्यांच्या बळावर आपणांस अक्षरओळखीपासून मॅट्रिकपर्यंत नेले, त्या वृद्ध गुरुजनांना ह्या महोत्सवप्रसंगी भेटून त्यांचे ऋण मान्य करण्यास विसरू नये.