चार पावलांचे अंतर : ‘डफरिन’ची गोष्ट

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर कोकणातले खलाशी मोठ्या संख्येने असत. चक्र धरणारा सुकाणी अनेकदा रत्नागिरीकडचा. त्याला दिशा सांगणारा अधिकारी मात्र इंग्रज. दोघांत अंतर चार पावलांचे, पण ते ओलांडण्याची वाट हिंदी माणसाला जवळजवळ बंद होती.

२/ ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. जहाज हिंदी मालकीचे झाले. हिंदी अधिकारी कुठून आणायचे, हा प्रश्न उरलाच.

३/ १९२३ मध्ये नेमलेल्या सरकारी समितीने प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली. १९२७ मध्ये ‘डफरिन’ हे जुने सैन्यवाहू जहाज माझगावजवळच्या पाण्यात त्यासाठी उभे राहिले. ते प्रवासाला जात नसे; कॅडेटांना घडवणे एवढेच त्याचे काम.

४/ तेथील दिवस घंटेने बांधलेला. चार तासांचा एक पहारा; दर अर्ध्या तासाला एक टोल वाढे, आठ टोलांना पहारा बदले. डेक धुणे, पितळ घासणे, होडी वल्हवणे आणि मग गणित, नौकानयन. पुढे हुकूम देणाऱ्याने आधी प्रत्येक काम स्वतःच्या हातांनी करायचे.

५/ ब्रिज म्हणजे जहाजाची विचार करणारी जागा. टेहळ्या समुद्र पाहतो. सुकाण्याची नजर कंपासवर. अधिकारी नकाशा, वारा, प्रवाह आणि समोरची जहाजे यांचा मेळ घालून निर्णय घेतो.

६/ हुकूम मिळताच सुकाणी तो मोठ्याने पुन्हा उच्चारतो, मगच चक्र फिरवतो. इंजिनखोलीला टेलिग्राफच्या काट्याने आज्ञा जाते. खालून काटा त्याच खुणेवर आला की समजावे, आज्ञा पोहोचली. ऐकण्यातली एक चूक जहाज खडकावर घालू शकते, म्हणून ही पुनरुक्ती.

७/ शिक्षणानंतर खरी परीक्षा नोकरीची होती. परकीय कंपन्या हिंदी कॅडेट घेण्यास नाखूश. सिंदियाचा आधार म्हणूनच मोलाचा ठरला.

८/ पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८ मध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९७२ मध्ये ‘डफरिन’ची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, १९९३ पासून हा वारसा नवी मुंबईतील ‘चाणक्य’ किनाऱ्यावरून चालवते.

९/ चार दशकांहून अधिक काळ ‘डफरिन’ एकाच बंदरात उभी होती. सुकाण्यापासून अधिकाऱ्यापर्यंतची ती चार पावले मात्र तिच्याच डेकवरून चालली गेली.