मापनश्रेणी (सांख्यिकी)

नोंद घेतल्या जाणाऱ्या बदलत्या गुणधर्माला चल म्हणतात. त्याचे मूल्य कोणत्या पातळीवर मोजले आहे हे मापनश्रेणी सांगते. नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरालश्रेणी व गुणोत्तरश्रेणी हे चार प्रकार अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मांडले.

नाशिक जिल्ह्यातील कळवण हा आदिवासीबहुल तालुका. तिथल्या अंगणवाडीतील नोंदी पाहिल्या, तर बाळाची जमात (कोकणा, भिल्ल इ.) हा नामश्रेणीतला चल ठरतो, त्यात बहुलक (सर्वाधिक वेळा आलेले मूल्य) काढता येतो, सरासरी नाही. पिन कोडही अंकांत असूनही याच श्रेणीतला. वजन गुणोत्तरश्रेणीत मोडते: १० किलो हे ५ किलोच्या दुप्पट असते. सेल्सिअस तापमानातील शून्य मात्र सोयीने ठरवलेले असल्याने ३०° ही १५° ची दुप्पट नव्हे, ती अंतरालश्रेणी. चलाचे आणखी एक वर्गीकरण आहे: घरातील मुलांची संख्या सुट्या आकड्यांत बदलते, म्हणून ती खंडित चल, तर उंची मधली कोणतीही किंमत घेऊ शकते, म्हणून ती सतत चल.

खरी अडचण क्रमश्रेणीत येते, जिथे मूल्यांचा क्रम कळतो, पण त्यांच्यातील अंतर नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११५ मिमीहून कमी भरला, की दंड मोजण्याची रंगीत पट्टी लाल रंग दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. ११५ ते १२५ दरम्यान पिवळा, त्यापुढे हिरवा. वहीत नुसते ‘लाल’ लिहिले, तर ११४ आणि ९८ मिमीची बालके एकाच रकान्यात बसतात, आणि महिनाभरात ९८ वरून ११० वर आलेल्या बाळाची सुधारणा कागदावर दिसतच नाही. मिलिमीटरवरून रंग केव्हाही ठरवता येतो, रंगावरून मिलिमीटर परत मिळत नाहीत. म्हणून मूळ आकडा नोंदवणे अत्यावश्यक आहे.